रिकाम्या हातानं चालणारा माणूस

तुमच्या गावात एखादा भल्या घरचा माणूस सकाळी सकाळी, रिकाम्या हातानं, भरभर चालत निघाला, तर तुम्ही त्याला काय विचारता? खरं सांगा.

आमच्याकडं, गोंदियात आणि भोवतालच्या खेड्यांत, एकच प्रश्न विचारतात. "कोन गेलं जी?"

मयताची खबर आमच्या भागात माणूस पायी नेतो; खेड्यात कोतवाल, शहरात घरचंच नाहीतर शेजारचं कोणी. खबर नेणाऱ्यानं हातात काही घ्यायचं नाही, वाटेत बसायचं नाही. ज्या घरी सांगायचं त्या घरचं पाणी प्यायचं नाही. अंगणातूनच सांगायचं आणि तसंच मागं वळायचं. त्यामुळे माणसाच्या पायांकडं पाहूनच लोक ओळखतात. कामाला निघालेल्याच्या हातात काहीतरी असतं: विळा, पिशवी, डबा, निदान छत्री. आणि ज्याला काम नाही तो भरभर चालेल कायले?

या एका प्रश्नापायी माझे बाबा मेले असते. तीन वर्षं झाली, माझा राग अजून उतरलेला नाही.

आमचं मूळ गाव दवनीवाड्याच्या वाटेवरचं. जमीन धानाची. आजानं गोंदियात धानाची आडत टाकली आणि घर शहरात आलं. आडत म्हणजे गादी. पांढऱ्या चादरीची गादी, पाठीशी लोड, समोर पानाचा डबा. सकाळी बसायचं ते दिवेलागणीलाच उठायचं. आजा त्या गादीवर पन्नाशी गाठता गाठता गेला. लोडाला टेकला होता, लोकांना वाटलं डुलकी लागली. पुढं माझे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तसेच गेले. त्याच लोडाला टेकून, जवळजवळ त्याच वयात. मग गादी बाबांकडं आली. ज्या साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातला, त्या साली बाबांना अठ्ठेचाळिसावं लागलं होतं.

त्या दिवाळीत बाबांसोबत मी रेल्वेचा पूल चढत होतो. पलीकडं कोणाकडं फराळाला जायचं होतं. आठ-दहा पायऱ्या चढून बाबा थांबले आणि कठडा धरून खाली पाहू लागले. म्हणाले, "थांब, गाडी पाहू दे." थोडं चढून पुन्हा थांबले. "थांब, छोटी लाईनची गाडी पाहू दे." तिसऱ्यांदा काहीच बोलले नाहीत. मी खाली पाहिलं. मोठी लाईन आणि अरुंद रुळांची छोटी, दोन्हींवर एकही गाडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओढतच डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हातारे, तिखट जिभेचे, बोलणं हिंदीत. छाती तपासली, पायाची सूज बोटानं दाबून पाहिली. मग म्हणाले, "सेठ, दवा तो मैं दे दूँगा. पर ये दो पैर भगवान ने गद्दी के नीचे मोड़ के रखने को दिए हैं क्या?"

"तो क्या करूँ, डॉक्टरसाब?"

"रोज सबेरे आधा घंटा चलो. टहलना नहीं, चलना. ऐसा चलो कि बात कर सको, पर गाना न गा सको."

बाबा हसले. "गाना तो मुझे बैठे बैठे भी नहीं आता."

"हँसो मत. पहिले दिन थोड़ा, फिर बढ़ाओ. साँस खुलेगी, सूजन उतरेगी, नींद आएगी. नहीं तो अपने भाई को याद कर लो."

मोठ्या बाबांचं नाव निघालं तशी बाबांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्यावर मी विश्वास ठेवला. चार दिवसांनी आम्ही बापलेक पहाट सरल्यावर दवनीवाड्याच्या रस्त्याला लागलो.

पहिल्या वळणावर दूधवाला भेटला. सायकलवरून उतरला, डोक्यावरची टोपी काढली. "कोन गेलं जी सेठ?"

"कोनी नाही गा. चालून राहिलो."

"हो, पन कोनाकडं?"

"कोनाकडंच नाही."

दूधवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. दुःखानं माणसाचं डोकं फिरतं तेव्हा सोबतच्याकडं पाहतात, तसं. पुढं भाजीची टोपली घेऊन बाजाराला येणारी एक म्हातारी भेटली. तिनं विचारलंसुद्धा नाही. टोपली खाली ठेवली, पदर तोंडाला लावला आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत तशीच उभी राहिली. गल्लीत परतलो तर दाराशी बाजारातले तीन आडते खांद्यावर गमछे टाकून तयार उभे. आमच्या शेजारच्या गादीचे काका त्यात सगळ्यात पुढं. बाबांच्याच वयाचे, देहानं त्यांच्याहून भारी, जिभेनं हलके.

"सेठ, बताओ तो सही, किसका हुआ?" काका म्हणाले. "आम्ही चहा पन नाही घेतला."

बाबांनी डॉक्टरांचं सांगितलं. मग जो हशा पिकला तो अख्ख्या गल्लीनं ऐकला. काका तर भिंतीला धरून हसले. "अरे, तर लोटा तरी घेऊन जायचा होता! लोटा हातात असला का मानूस केवढाही पळो, कोनी काही विचारत नाही!"

बाबाही हसले. दुसऱ्या दिवशी उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी चादर ओढली, तर म्हणाले, "तुले जायचं तर जा. भल्या घरचा मानूस कोतवालासारखा पळत नाही."

हे वाक्य मला लागलं. आमच्या गावच्या कोतवालाला मी ओळखत होतो. गावकीची कामं त्याच्या जातीवर लादलेली. पावसात, चिखलात, तापात, कोणाच्याही मयताची खबर त्यानं न्यायची आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगायची. त्याच्या मेहनतीला गावानं कधी मान दिला नाही. पण माझं सगळ्यात मोठं दुःख असं की त्याचं चालणंही आम्ही बाटवून टाकलं. तो भरभर चालतो, म्हणून भरभर चालणं हलकं. आम्ही बसून असतो, म्हणून बसणं थोर. त्या थोरपणापायी आमच्या घरातली दोन माणसं लोडाला टेकून गेली आणि तिसऱ्याच्या पायाला सूज होती.

मी पत्रकांवर वाढलेला माणूस. शाळेत असताना आमचे गुरुजी नागपुराहून पत्रकांचे गठ्ठे आणत. दारूबंदीचं, सफाईचं, सूतकताईचं, विहीर सगळ्यांना खुली करण्याचं. मी वाचायला शिकलो तो त्यांवर. मला वाटायचं, खरी गोष्ट ठळक अक्षरांत छापली आणि भिंतीला चिकटवली की माणूस बदलतो. म्हणून मी लिहिलं. मथळा होता, 'गादी सोडा, रस्ता धरा!' चालण्यानं दम वाढतो, छाती मोकळी होते, जेवलेलं पचतं, झोप लागते, गुडघे गंजत नाहीत, डोक्यातली चिडचिड उतरते, असं सगळं डॉक्टरांना विचारून लिहिलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पत्रकात जळजळीत काही हवं म्हणून शेवटी टाकलं, 'याच बाजारातल्या एका घरी दोन कर्ते पुरुष बसल्या जागी गेले. तिसरा त्याच लोडाला टेकला आहे. बाजार बघत राहणार काय?'

छापखान्यातून गठ्ठा आणला आणि रातोरात नाही, भर सकाळी, ताठ मानेनं सगळ्या बाजारात चिकटवला.

दुपारी कोणीतरी आमच्याच गादीवर ते पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. मी तिथं नव्हतो. संध्याकाळी बाबा घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. पहिला घास घेण्याआधी म्हणाले, "माझा बाप मेला त्याचं पत्रक काढलं तू."

मी बोलायला लागलो. समाज, अज्ञान, खोटी प्रतिष्ठा. बाबांनी हात वर केला. "जेव."

त्यानंतर ते माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. माझ्या पत्रकाचा बाजारावर काय परिणाम झाला तेही सांगतो. आडत्यांपैकी एकही माणूस चालायला लागला नाही. काही पत्रकांत मिरच्या बांधलेल्या मी पाहिल्या. आणि बाबा, जे निदान घर ते आडत एवढं तरी पायी जात, ते आता लोकांच्या नजरा चुकवायला सायकलरिक्षानं जाऊ लागले. होतं तेवढंही चालणं माझ्या पत्रकानं बंद केलं.

मी पेटून उठलो होतो. ज्याला त्याला धरून विचारायचो, तुम्ही काऊन चालत नाही? एक म्हणायचा, चाललो तर भूक लागते. दुसरा म्हणायचा, मजुरांना वाटेल सेठ बुडाला, बैलबंडी विकली. काकांचं उत्तर बाजारभर गाजलं. "बाबू, आपला जिल्हा पाह. जागचा बोटभर नाही हलला अन् मध्यप्रदेशातून मुंबईत पोचला. मंग मी कायले हलू?"

लोक हसले. खोटं कशाला बोलू, हसू मलाही आलं. घरी येऊन मी वहीत दुसरं पत्रक लिहायला बसलो. मथळा आणखी कडक होता.

माय भाकऱ्या करत होती. तव्यावरून नजर न काढता तिनं विचारलं, "आता कोनाले मारून राहिला?"

"माय, लोक ऐकत नाहीत."

"लोकाईनं का बिघडवलं? त्याईनं इचारलं, कोन गेलं? खाली हात पाह्यला म्हणून इचारलं. तू तुह्या बाबाच्या हातात काही देलं होतं का?"

मला कळलं नाही. माय उठली, माळ्यावरून जुना दोर काढला. बैल बांधायचा, तागाचा, गावाकडून आलेला. झटकला आणि खुंटीला टांगला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचं तोंड धुऊन होताच तिनं तो दोर त्यांच्या खांद्यावर टाकला.

"जा. बैल हरपला म्हना."

बाबा तिच्याकडं पाहत राहिले. मग हळूहळू त्यांच्या तोंडावर काहीतरी उजळलं. सुगी सरली होती, धान निघालं होतं, बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, मोकळ्या पडल्या होत्या. या दिवसांत गुरं सुटी चरतात आणि हरपतात. खांद्यावर दोर टाकून भरभर चालणारा माणूस म्हणजे बैल शोधणारा. त्याला कोणी हसत नाही. त्याला कोणी थांबवतही नाही.

मी आडवा आलो. "हे खोटं आहे. उघड चाला. लाज कशाची? लपून चाललं तर रूढी मोडेल कशी?"

मायनं मला स्वयंपाकघरात ओढलं. हळू आवाजात, पण डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "तुले बाप पायजे का रूढी मोडाले पायजे? आधी एक सांग."

मी पुन्हा आडवा आलो नाही. अजूनही मी त्या प्रश्नावर कधी कधी अडतो.

बाबा चालू लागले. पहिले काही दिवस नाक्यापर्यंत जाऊन दम घेत. मग आमराईपर्यंत. मग तळ्याच्या पाळीपर्यंत. रस्त्यावरची माणसं मदतीला धावत. "सेठ, तिकडं नहराच्या बाजूनं पाहा." "रंग कोनता जी?" रंग सांगायची पाळी आली तेव्हा बाबांना खोटा बैल सुचेना. म्हणून त्यांनी खराच सांगितला. लहानपणी धानाची बंडी घेऊन ज्याच्या जोडीनं ते गावाहून गोंदियाला पायी येत, तो पांढरा, डाव्या शिंगानं खाली वळलेला. तो मरून तीस वर्षं झाली होती.

पौष गेला, माघ गेला. पायाची सूज उतरली. बाबा रात्री उशा रचून बसत, ते आडवे होऊन झोपू लागले. जेवणानंतरचा ढेकरांचा त्रास गेला. माझ्याशी बोलू लागले, तेही चालताना सुचलेलं. मी मात्र धुमसत होतो. डॉक्टरांचं खरं ठरत होतं, आणि ते कोणालाच सांगता येत नव्हतं, कारण सगळा बाजार समजत होता की सेठ बैल शोधतो आहे.

होळीच्या चार दिवस आधी, आडतीच्या ऐन गर्दीत, दारात एक शेतकरी येऊन उभा राहिला. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. हातात दोर, आणि दोराच्या टोकाला एक पांढरा बैल. डावं शिंग खाली वळलेलं.

"हाच ना जी सेठ?" तो म्हणाला. "सकारी बांधीत दिसला. तुमी रोज इचारता म्हणून म्या तसाच घेऊन निंगालो. पानी पन नाही पाजलं त्याले."

बाबा गादीवरून उठले. आजूबाजूच्या गाद्यांवरचे लोक जमले. शेजारचे काका बैलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा सेठ, मिळाला एकदाचा!"

आता काय होणार ते मला दिसत होतं. बाबा हो म्हणाले तर दुसऱ्याचा बैल आमच्या दावणीला. नाही म्हणाले तरी खोटं चालूच राहणार, उद्यापासून पुन्हा दोर. मी तोंड उघडणार, इतक्यात बाबांनी त्या शेतकऱ्यापुढं हात जोडले.

"माफ कर भाऊ. माझा बैल हरपलाच नव्हता."

"मंग?"

"मले दम लागत होता. डॉक्टरनं चालाले सांगतलं. खाली हातानं चालाची लाज वाटे, म्हणून दोर घेतला."

हशा होईल म्हणून मी अंग चोरलं. पण पहिला बोलला तो शेतकरीच, आणि तो संतापला होता. "तुमच्या लाजेपायी म्या दोन कोस तंगडतोड केली? माहा दिवस गेला!"

"गेला," बाबा म्हणाले. "चाल. मी येतो तुह्यासंगं. याचा धनी शोधू."

तसेच निघाले. गादी, गिऱ्हाईक, सगळं टाकून. मी मागं धावलो. त्या दिवशी आम्ही त्या शेतकऱ्याच्या गावापर्यंत गेलो, तिथून पुढच्या गावाला, आणि आणखी एका गावाला. तिथं बैलाचा धनी भेटला. तोही दोर घेऊन तीन दिवस फिरत होता. परत येताना ऊन उतरलं होतं. जाऊनयेऊन पाच-सहा कोस झाले असतील. बाबा पुढं, मी मागं. नव्या चपलांनी माझ्या टाचांना फोड आले होते. चालण्याचं पत्रक लिहिणारा मी इतके दिवस सायकलवर फिरत होतो, ही गोष्ट मला त्या रस्त्यावर कळली.

"चाल गा," बाबा मागं न पाहता म्हणाले. "गादी सोड, रस्ता धर."

गोंदियात शिरताना पूल आला. बाबा एका दमात चढून गेले. खाली छोटी लाईनची गाडी धूर काढत उभी होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलंही नाही.

इथं गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण बाजार बदलला नाही. बाबा आता रिकाम्या हातानं चालतात, दोर खुंटीला आहे. लोक अजून विचारतात, "कोन गेलं जी?" बाबा म्हणतात, "कोनीच नाही गेलं. म्हनून तर चालून राहिलो." लोक हसतात आणि गादीवर जाऊन बसतात. बाबांनी काकांना किती वेळा हाक मारली असेल! "चला ना जी, नाक्यापर्यंत." काका म्हणायचे, "होळीपासून." मग, "दसऱ्यापासून." बाबांनी पन्नाशी ओलांडली तेव्हा घरी मायनं पुरण केलं. काका जेवायला आले आणि आमचा जिना चढताना तीनदा थांबले. तिथं खाली पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

गेल्या कार्तिकात काका गेले. लोडाला टेकून. त्यांची लेक दवनीवाड्याकडं दिलेली. खबर न्यायला माणूस शोधत होते. बाबा म्हणाले, मी जातो. रिकाम्या हातानं, भरभर, रोजच्याच रस्त्यानं ते निघाले. दूधवाला भेटला. रोजची थट्टा म्हणून त्यानं हसत विचारलं, "कोन गेलं जी सेठ?"

बाबा थांबले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं लागलं.

मी पुन्हा पत्रक छापलेलं नाही. काय छापू? फायदे मी मागं सांगितलेच आहेत, आणि ते मिरच्या बांधायला गेले. तुमच्याकडं माझं मागणं लहान आहे. उद्या सकाळी तुमच्या रस्त्यावर कोणी रिकाम्या हातानं भरभर चालताना दिसला, तर त्याला काही विचारू नका. हातातलं खाली ठेवा आणि नाक्यापर्यंत त्याच्यासोबत चाला. परत येताना शेजारच्या गादीवर जो बसला असेल त्याला परवासाठी हाक मारा. तो दसऱ्यापासून म्हणेल. ऐकू नका, हात धरून उठवा.